फळ्यावरचा टोपीचा प्रश्न

आण्णा, भिंतीवरचा तुमचा फळा अकरा दिवस कोरा आहे. हळदपेठेतून येणारीजाणारी माणसं माझ्या कांडपाच्या दुकानासमोर सवयीनं थांबतात, भिंतीकडं बघतात आणि पुढं जातात. काल एक हमाल म्हणाला, "हणमंतराव, आज बी काय न्हाई व्हय?" जणू तुम्ही कुठं गावाला गेला आहात आणि लिहायचं काम माझ्यावर सोपवून गेला आहात. मी म्हटलं, "न्हाई." तो गेला आणि मला राग आला. कुणाचा ते विचारू नका. तुम्ही असतात तर विचारलंच असतं म्हणा.

तुमच्याविषयी पेपरात चार ओळी आल्या. हळदीचे जुने पारखी, मनमिळाऊ, धार्मिक वृत्तीचे. मनमिळाऊ वाचून मी एकटाच हसलो. ज्या माणसानं पंचवीस वर्षं रोज सकाळी नऊ वाजता माझ्याशी भांडण काढलं, तो मनमिळाऊ! हळकुंड मोडायचं, आतला रंग बघायचा, नाकाशी धरायचं आणि मगच तोंड उघडायचं, ही तुमची पेठेतली रीत. पुढाऱ्यांच्या भाषणांनाही तुम्ही हीच रीत लावायचात. माझ्या बोलण्यालासुद्धा.

दुकानासमोरचा बाक तुमचा होता, पण त्याची जागा ठरलेली नव्हती. वारा कुठून येतो ते बघून तुम्ही तो हलवायचात. माझ्याकडं दिवसभर कांदा-लसूण मसाला कुटला जातो आणि तुमच्या घरात कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत येत नाही. "हणमा, तुझा मसाला आज माझ्या अंगावर धावून येतोय बघ," म्हणत बाक उचलायचात आणि दोन हातांवर मांडायचात. सगळी पेठ मोकळी पडलेली असताना बसायला मात्र इथंच यायचात. यामागचं कारण मी तुम्हाला कधी विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं.

मी जतकडच्या माळावरनं आलेला, मेंढरांमागं फिरलेला, नववीला गचकलेला. तुम्ही मला रोज पेपरातला अग्रलेख मोठ्यानं वाचायला लावायचात. गिऱ्हाईक उभं असलं तरी. अडखळलो की हात वर. "परत वाच. कळल्याबिगर फुडं जायाचं न्हाई." पहिल्या वर्षी मला तुमचा इतका राग यायचा की मी मुद्दाम कांडप चालू करून ठेवायचो, आवाजात काही ऐकू येऊ नये म्हणून. तुम्ही ते बंद होईपर्यंत बसून राहायचात. आज हे चार शब्द नीट लिहितोय ते त्या बसून राहण्यामुळं. हे तुमच्या तोंडावर कधी बोललो नाही, आता बोलतो.

फळ्याचे नियम तुमचे. रोज एक गोष्ट लिहायची. शिवी नाही, पक्षाचं नाव नाही. आणि खाली आपलं पूर्ण नाव. नळाला गढूळ पाणी आलं तरी खाली नाव, बाजार समितीनं काही चांगलं केलं तरी खाली नाव. मी म्हणायचो, "आण्णा, कशाला नाव? बोंब पोचली म्हणजे झालं." तुम्ही म्हणायचात, "बिननावाचं बोलणं म्हंजे भिताडाआडनं दगड मारणं."

आणि मताचं मात्र उलटं. तुमचं मत कुणाला, हे पंचवीस वर्षांत मला कळलं नाही. काकूंनाही नाही. तुमच्या तरुणपणी हळदीचे सौदे रुमालाखाली व्हायचे. दोघांच्या हातांवर रुमाल, आत बोटं दाबून भाव सांगायचा, बघणाऱ्याला चेहऱ्यावरनं काही कळता कामा नये. आता सौदे उघड बोलीनं होतात, पण तुमचा रुमाल तुम्ही मतदानापुरता जपून ठेवला होता. "मत रुमालाखाली, बोलणं रुमालाबाहेर," असं तुम्ही म्हणायचात. माझं नेमकं विरुद्ध. माझं मत कुणाला हे पेठेतल्या मांजरांनाही ठाऊक. आणि नाव घालून मी आयुष्यात एक ओळ लिहिली नव्हती.

माझा पक्ष तुम्हाला पटायचा नाही, पण माझं कारण पटायचं. आमच्या माळावर पाणी आलं. माझ्या आईनं डोक्यावरनं आणलेलं पाणी मी बघितलंय, आणि तिथंच आता शिवाराला कालव्याचं पाणी लागतं हेही बघितलंय. ज्यांनी आणलं त्यांना मी मत देणार, त्यात लपवायचं काय? तुम्ही मान डोलवायचात. "दे की. पाणी लय मोठी गोष्ट हाय." मग थोडं थांबून, "पर हणमा, पाणी दिलं म्हणून पुढं काय बी मागू द्यायचं का त्यास्नी?" ह्या प्रश्नावर आपण निदान शंभरदा भांडलो असू. तो अजून सुटलेला नाही.

यंदाचा प्रचार सुरू झाला तो तुमच्या फळ्यापासूनच. आचारसंहिता लागली आणि महापालिकेचे दोन कर्मचारी शिडी, खळ आणि रद्दी घेऊन आले. पाट्या, कोनशिला, जे दिसेल ते झाकत चालले होते. त्यांनी तुमच्या फळ्यावरही पेपर चिकटवला. तुम्ही बाकावरनं बघत राहिलात. ते पुढच्या चौकात पोचल्यावर तुम्ही त्यांना हाक मारून परत आणलंत. त्यांनी चिकटवलेल्या पेपरावर एका उमेदवाराची पानभर जाहिरात होती, हात जोडून, चिन्हासकट! "आता झाला बघा भंग," तुम्ही म्हणालात. "मगाशी हितं फकस्त गटारीवर लिवलं होतं." बिचाऱ्यांनी ओलं करून करून तो कागद काढला आणि फळा मोकळा सोडून गेले. त्या दिवशी तुम्ही माझ्याकडून दोन वेळा चहा घेतलात. खुशीत असलात की दुसरा घ्यायचात.

मग ती सभा. माझ्याच पक्षाचा बडा नेता येणार होता. तुम्ही सगळ्यांच्याच सभांना जायचात, पण सूर्य मावळायच्या आत जेवण उरकून. पाचला तुमचं जेवण, साडेपाचला तुम्ही माझ्या दारात, धोतर, कोट आणि ती काळी टोपी. मी तुम्हाला त्या टोपीशिवाय कधी पाहिलं नव्हतं.

मैदानाच्या फाटकाशी टेबलावर ढीग होता. काळ्या ओढण्या, काळे मोजे, एक छत्री, कुणाच्या तरी लेकराचं काळं स्वेटर. कुणी काळं निशाण दाखवू नये म्हणून काळं काहीच आत सोडायचं नाही, असा हुकूम होता. फाटकावरचा पोलीस म्हणजे पोरगंच, तुमच्या नातवाच्या वयाचं. त्यालाच अवघड झालं होतं. "आजोबा, टोपी तेवढी हितं ठेवा. जाताना घेऊन जावा."

"का रं?"

"काळी हाय न्हवं."

"ते मलाबी दिसतंय. का काढायची ते सांग."

"वरनं आदेश हाय, आजोबा."

"माझं केस काळं असतं म्हंजे काय केलं असतंस?"

मागची माणसं हसली. तो पोरगा लाल झाला. आणि मी, आण्णा, मी काय म्हटलं ते तुम्हाला आठवत असेलच. मी म्हटलं, "काढा की आण्णा. दोन तासांचा तर प्रश्न हाय." तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि रांगेतून बाहेर पडलात. मीही तुमच्या मागं आलो, पण चिडून. आपण मैदानाच्या कुंपणाबाहेर कट्ट्यावर बसलो. कर्ण्यातून सगळं भाषण ऐकू येत होतं. तुम्ही ते शेवटपर्यंत ऐकलंत, दोन ठिकाणी 'बराबर बोलला' असंही म्हणालात. परतताना मी पुन्हा विषय काढला तेव्हा तुम्ही म्हणालात, "टोपी काढायला माझी ना न्हाई. घरात काढतो, न्हाव्याकडं काढतो. पर 'का' सांगितल्याबिगर कुणी काढ म्हणलं, तर काढायची न्हाई. तू पाण्यासाठी मत दिलंस. मी टोपी कशासाठी देऊ?"

दुसऱ्या दिवशी फळ्यावर आलं. "टोपीचा रंग कोणता असावा, हे कोणत्या कलमात आहे? माहीत असणाऱ्याने खाली लिहावे." आणि तुमचं पूर्ण नाव.

दुपारपर्यंत खाली चार जणांनी लिहिलं. एकानं 'वकिलाला विचारून सांगतो', एकानं 'आमच्या बायकोची ओढणी अजून मिळाली नाही'. तुम्ही प्रत्येकाला नाव घालायला लावत होतात. कॉलेजची पोरं फोटो काढून गेली आणि संध्याकाळपर्यंत तो फोटो फोनाफोनांतून सगळ्या सांगलीत फिरला. तुम्ही लहान पोरासारखे खूश होतात. मी नव्हतो. माझ्या भिंतीवर माझ्याच पक्षाची शोभा चालली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी, तुम्ही जेवायला गेल्यावर, वॉर्डातला आमचा कार्यकर्ता आला. मला मामा म्हणतो, तुम्हाला माहीत आहे. चहा घेतला, चौकशी केली. मग म्हणाला, "मामा, आण्णांचं वय झालं, त्यास्नी कोण काय म्हणणार न्हाई. पर भिंत तुमची हाय. आणि आपल्या स्नेहलचं पडताळणीचं कागद अजून तिकडंच हायत न्हवं?" धमकी म्हणावी अशी नव्हतीच ती. त्याच्या आवाजात काळजी होती, आणि म्हणूनच मी जास्त भ्यालो. माझी पोरगी चार वर्षं अभ्यास करून सरकारी नोकरीच्या यादीत आली होती. चारित्र्य पडताळणीचा एक कागद राहिला होता. तो कुठल्या टेबलावर आहे, कुणाच्या फोनवर हलतो किंवा अडतो, मला काय ठाऊक?

तो गेला. पेठ जेवायला पांगली होती. मी गल्ल्यावरचं ओलं फडकं उचललं आणि फळा पुसला. तुमचा प्रश्न, खालची चार उत्तरं, सगळं. नावांसकट.

तुम्ही तीनला आलात. मी आत कांडपापाशी वाकलो होतो, पण मी तुम्हाला बघत होतो. तुम्ही फळ्यासमोर उभे राहिलात. मग बोट टेकवलंत, ओढलंत आणि नाकाशी नेलंत. हळदीचा वास असता तर अख्खी पेठ संशयात आली असती. पण माझं फडकं होतं. कांदा, लसूण आणि मिरची. ह्या गल्लीत तो वास फक्त एकाच दुकानाचा. तुम्ही शिंकलात. नळावर जाऊन हात धुतलात, दोनदा. मग बाक वाऱ्याच्या बाजूला मांडून बसलात आणि आत हाक मारलीत, "हणमा, च्या सांग दोन."

मी बाहेर येऊन म्हटलं, "पक्षाची पोरं असतील, आण्णा." तुम्ही म्हणालात, "असतील."

इतकंच. मला वाटलं होतं तुम्ही भांडाल. पंचवीस वर्षं माझ्या साध्या 'पण'लासुद्धा तुम्ही सोडलं नव्हतं आणि त्या दिवशी मला सोडून दिलंत. त्याचा मला जेवढा त्रास झाला तेवढा कुठल्याच शिवीनं झाला नसता.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर होतं, "काल इथे एक प्रश्न होता. पुसणाऱ्याला तो पुसायचा अधिकार होता का, यावर नंतर बोलू. तूर्त एवढेच, की तो आपले नाव लिहायला विसरला." लोक वाचून हसत होते. पुसणारा आत मिरच्यांचे देठ मोडत बसला होता.

त्यानंतर आपण पंधरा दिवस रोज बोललो. कर्ण्यांच्या आवाजावर, हळदीकुंकवाच्या नावाखाली वाटलेल्या साड्यांवर, दोन्हीकडच्या जाहीरनाम्यांवर. एक सोडून सगळ्यावर. एका सकाळी माझं वाचन चालू असताना अग्रलेखात 'निर्भय नागरिक' असा शब्द आला. तुम्ही हात वर केलात. मला वाटलं मी अडखळलो. तुम्ही माझ्याकडं न बघता, कपातल्या चहाकडं बघत म्हणालात, "निर्भय बिर्भय कोण नसतंय रं. माणूस भितोय. मी बी भितो. पर भ्यालो म्हणून चारचौघांत सांगता आलं पायजे. तेवढं आलं म्हंजे लय झालं बघ स्वातंत्र्य." आणि मग थांबलात.

दार उघडून उभे होतात तुम्ही. मला फक्त आत यायचं होतं. मी पुढचा परिच्छेद वाचायला घेतला.

मतदानाला आपण बरोबरच गेलो. तुमच्या पायांवर सूज होती, जिना चढताना तुम्ही माझ्या खांद्याला धरलंत. बाहेर आल्यावर शाईचं बोट दाखवून डोळा मारलात. मी विचारलं, "कुणाला?" दर वेळी विचारतो तसंच. तुम्ही खिशातला रुमाल काढून हातावर टाकलात. आणि निकालाच्या आदल्या सकाळी नऊ वाजले, सव्वानऊ वाजले, बाक रिकामा. दहाला तुमचा मुलगा आला, तेव्हा त्याचा चेहराच बोलला. अशी सकाळ मला कुणी दाखवली नसती तरी चाललं असतं.

स्मशानात दोन्ही पक्षांची माणसं होती. एक म्हणाला, "आण्णा मनानं आमचंच होतं." पलीकडचा म्हणाला, "काय सांगता, मला स्वतः बोलले होते." मला तिथं हसू आलं, आण्णा, मी तोंडावर टॉवेल धरला. लोकांना वाटलं रडतोय. रडतही होतोच.

परवा आमचा कार्यकर्ता पुन्हा आला. मोबाईलवर मला फ्लेक्सचं चित्र दाखवलं. 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मधोमध तुम्ही, आणि वर त्याच बड्या नेत्याचा हात जोडलेला फोटो. "फळ्याच्या जागीच लावू मामा, आण्णांची जागा हाय ती." मी चित्र बोटांनी मोठं केलं. तुमच्या डोक्यावर ती काळी टोपी होती. फाटकातून जी आत गेली नाही, ती आता त्यांच्या फोटोखाली चालणार होती! मी म्हटलं, "दोन-तीन दिवसांत सांगतो." तोंडातून 'न्हाई' निघालं नाही. ही माझी लायकी.

संध्याकाळी मी स्नेहलला सगळं सांगितलं. कार्यकर्त्याचं बोलणं, फडकं, तुमचं बोट, शिंक. तिचा कागद अजून आलेला नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पप्पा, तुम्ही माझ्यासाठी पुसलं?"

"तुझ्यासाठीच."

"मला विचारलं का?"

उत्तराची वाट न बघता ती म्हणाली, "घाबरायचं तर घाबरा. पण माझ्या नावानं नको, तुमच्या नावानं घाबरा." तुमचं बोलणं तिनं कधी ऐकलं होतं का, आण्णा? की हे फळ्यावरनं उतरलं तिच्यात, शाळेत येताजाता? ती रागावून आत गेली. अजून माझ्याशी धड बोलत नाही. बरोबर आहे तिचं.

आपलं भांडण अजून संपलेलं नाही. पाणी ही मोठीच गोष्ट आहे, आणि पुढच्या वेळीही मी कदाचित त्यांनाच मत देईन. तुम्ही म्हणाल, दे की. पण पंचवीस वर्षं मला एक गोष्ट कळली नव्हती. मी समजायचो, तुमचा सगळा वाद सरकारशी आहे, पोलिसाशी आहे, फाटकावरच्या त्या टेबलाशी आहे. त्या टेबलानं तुमची टोपी मागितली, पण तुमचा प्रश्न काही पुसला नव्हता. तो माझ्या फडक्यानं पुसला. आदेश नव्हता, सही नव्हती, कागद नव्हता. एका शेजाऱ्याला भीती वाटली, एवढ्यावर भागलं.

इथवर काल रात्री लिहिलं. आज सकाळी नऊ वाजता कांडप बंद ठेवलं. कार्यकर्त्याला फोन करून सांगितलं, भिंतीवर फ्लेक्स लावायचा नाही. तो म्हणाला, "मामा, विचार करा." मी म्हटलं, केलाय. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? नवं फडकं घेतलं, वास नसलेलं, आणि फळा स्वच्छ पुसला. मग लिहिलं.

"टोपीचा रंग कोणता असावा, हे कोणत्या कलमात आहे? माहीत असणाऱ्याने खाली लिहावे. हा आण्णांचा प्रश्न. तो मी पुसला होता. भ्यालो म्हणून."

खाली माझं पूर्ण नाव लिहिलं. आडनावापाशी खडू मोडला, उरलेल्या तुकड्यानं पुरं केलं. अक्षर तुमच्यासारखं नाही, आण्णा. पण रस्त्याच्या पलीकडून वाचता येतं. मी जाऊन बघून आलो.